शैलजाताईंच्या चाळीस खोल्या

मूसाखेडी मागे पडली तशी शैलजाताईंनी चपला काढून पिशवीत टाकल्या. दर संकष्टीला आम्ही दोघी इंदूरच्या भंवरकुव्याहून खजराण्याच्या गणपतीला पायी जातो. निम्म्या वाटेनंतर त्या अनवाणी चालतात. मी नाही चालत; माझ्या टाचा देवालाही ठाऊक आहेत.

शैलजाताई विद्यापीठाच्या मुलींच्या होस्टेलवर मेट्रन आहेत. वडील मिलमध्ये होते. ताई टायपिंग शिकून ऑफिसात लागल्या. जुन्या मेट्रन बाळंतपणाला गेल्या म्हणून दोन महिन्यांसाठी यांना बसवलं, त्याला बावीस वर्षं झाली.

संध्याकाळी सातला हजेरी. रजिस्टरवर सही घेऊन भागलं असतं, पण ताई चाळीसही खोल्यांच्या दारात जाऊन विचारतात, "काय खाल्लं गं?" उत्तर पोहे की पराठा, याच्याशी त्यांना घेणं नसतं. त्या आवाज ऐकतात. माझी भाची मधुरिमा तिथं राहायची. तिला कावीळ झाल्याचं तिच्याआधी ताईंनी ओळखलं आणि मला फोन केला. आमची ओळख तेव्हापासूनची.

मागच्या वर्षी हजेरीला अंगठ्याचं मशीन आलं. साहेब म्हणाले, "मॅडम, आता राउंडची जरूरत नाही." ताई म्हणाल्या, "मशीनला अंगठा कळतो सर, ताप नाही कळत." फेरी चालूच आहे.

बंगाली चौराह्यापाशी उसाचा रस प्यायलो, तेव्हा त्यांनी ऋजुताचा विषय काढला. मुलगी बऱ्हाणपूरची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. होस्टेलच्या नियमानं इंदूरातला कुणी मोठा माणूस लोकल गार्डियन लागतो. तिचे गार्डियन मामा परेश होते. त्यांनी एक स्थळ आणलं, तिनं परीक्षेआधी नको म्हटलं, तर मामांनी होस्टेलवर येऊन आपलं नाव काढून घेतलं.

"मला म्हणतात, मुलगी ऐकत नाही तर मी जिम्मेदारी कशाला घेऊ?"

"मग तुम्ही?"

"मी म्हटलं, अहो भिया, जिम्मेदारी मुलीची घेतली होती की तिच्या होकाराची? तर म्हणे, मॅडम, आप बीच में मत पडो. मी म्हटलं, बावीस वर्षं बीच मेंच पडलेय, पगार त्याचाच आहे."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

"आईवडील तिच्या बाजूनं आहेत हो. पण ते बऱ्हाणपुरात. सोमवारपर्यंत इथल्या कुणाची सही आली नाही तर खोली जाते. परीक्षा वीस दिवसांवर आलीय, आणि ती घरी गेली की मामा स्थळ घेऊन तिथं हजर. परत येते कसली."

"तुम्हीच करा ना सही."

"स्टाफला चालत नाही. विचारून झालं."

मंदिराचा कळस दिसू लागला. मी हात जोडले, पण मन माझ्या सहीचा हिशेब मांडत होतं: तिला ताप आला तर दवाखाना, मामा दारात आले तर त्यांना तोंड देणं. घरात मी एकटी, वय बासष्ट.

ताईंनी रांगेत उभं राहण्याआधी मला बाजूला घेतलं. त्यांच्या आवाजात आर्जव नव्हतं. मुलींना सांगतात तसंच सरळ मलाही सांगितलं.

"मामाचं मी बघते, ते तुमच्या दारापर्यंत येणार नाहीत. तुम्ही सोमवारी दहाला आधार कार्ड घेऊन या. आधी ऋजुताशी बसून बोला, पटली तर तिच्या नावापुढे सही करा."