कुसुमच्या गळ्यातला बिल्ला

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षर बरं नाही, ओळ उजवीकडे चढत जाते. हे कागद कोणाच्या हाती पडलेच तर त्याने सांभाळून घ्यावं. माणसं समोर असली की मला बोलणं जमत नाही, म्हणून बोलायचं ते लिहून ठेवते आहे.

हे गेले त्याला महिना उलटून गेला. खामगावच्या बाजारात भांड्यांवर नावं घालायला गेले होते. दुपारी एस.टी.चा कंडक्टर दारात आला आणि टोपी हातात धरून म्हणाला, "वहिनी, घरात कोनी माणूस हाये का?" तेव्हाच मला कळलं. यांच्या छातीत कळ आली, मांडीवरची घागर घरंगळली, एवढंच... बाजारातल्या लोकांनी हातोडी, छिन्न्या, सगळं नीट पेटीत भरून पाठवलं होतं. आमची मुलगी कुसुम पेटी उघडून बसली आणि दाराकडे पाहत राहिली. तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. पेटी आली म्हणजे बाप मागून येणार, एवढंच तिला ठाऊक. दिवेलागणीला मीच तिला दारातून उठवलं.

यांना वाचता येत नव्हतं. मी भांड्यावर खडूने अक्षरं काढून द्यायची आणि हे त्यांवरून छिन्नी चालवायचे. बाहेरगावी दुकानदार लिहून देत, पण चिखलीतल्या बायका भांडी घेऊन आमच्या घरीच यायच्या. भर बाजारात नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? घरीसुद्धा पंचाईतच. एकदा एक बाई पाण्याचा नवा गुंड घेऊन आली.

"नाव सांगा, बाई," हे म्हणाले.

"मी कशी घेऊ बाप्पा? महादेवाच्या पोराचं हाये."

"महादेवाले दोन पोरं. कोनतं?"

"सोंडवालं!"

"मंग गणपत म्हना ना."

"तुमीच म्हना. माह्यावर काऊन लोटता?"

मी पदरात तोंड घालून हसत होते आणि खडू हलत होता. हे मला म्हणाले, "हळू वो, गणपतीची सोंड वाकडी होईल." आता घरात तसं कोणी हसवत नाही.

कुसुम पायावर पक्की झाली तशी बाजाराच्या दिवशी नाहीशी व्हायला लागली. तिला हाक मारून उपयोग नाही, आणि कोणी विचारलं तर तिला सांगता येत नाही. तेव्हा तिच्या गळ्यात नावाचा बिल्ला घालायचं यांनी ठरवलं. तांबं पवित्र, म्हणून सासूबाईंनी आधी तांब्याचा करायला लावला. घामाने तो हिरवा पडला आणि पोरीच्या गळ्याला पुरळ आलं. मग हमालांचा असतो तसा पितळेचा केला. तो उन्हात तापायचा, काळा पडायचा, कुसुम ओढून फेकून द्यायची. यांच्या मनात चांदी होती. मी म्हटलं, "चांदी नको. चांदीपायी कोनी तिचा गळा दाबंल." यांनी चांदीचा नाद सोडला. शेवटी जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा केला. हलका, थंड. कुसुमला तो इतका आवडला की दिवसभर तोंडात धरून चावायची. आम्हाला बरंच वाटलं, निदान काढत तरी नाही... पण पत्रा पातळ, खोल ठोका मारला की फाटायचा. म्हणून यांनी अक्षरं वरवरच घातली होती.

तिने ती चावून पुसून टाकली, हे आमच्या ध्यानात आलं नाही. कापसाच्या दिवसांत ती कोणाच्या तरी गाडीत जाऊन बसली आणि पार पिंपळगाव राजाला पोचली. तिथल्या एका म्हातारीने तिला घरात ठेवून घेतलं, जेवू घातलं. पण बिल्ल्यावर वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हे गावोगावचे बाजार धुंडत फिरले. घरात चूल पेटली नाही. अखेर पोरीला खांद्यावर घेऊन आले, ते आधी बिल्ला तोडून विहिरीत टाकून आले होते. म्हणाले, "जे तिले आवडते ते नाही, जे टिकते ते पाह्यजे."

तेव्हा स्टीलची भांडी नवीनच यायला लागली होती. यांनी दुकानातून चिरलेल्या ताटाचा तुकडा आणला. दुकानदार हसला म्हणे, "बे, स्टीलवर नाव घालतं का कोनी? छिन्नी मोडंल." मोडलीच. लोहाराकडून दुसरी छिन्नी तापवून, पाणी देऊन टणक करून आणली, तुकड्याच्या कडा घासून गोल केल्या आणि तो माझ्यापुढे ठेवला. कुसुमचं नाव लिहिलं, चिखली लिहिलं. मधे बापाचं नाव लिहायचं होतं. माझा हात थांबला. अख्ख्या गावाच्या नवऱ्यांची नावं मी लिहिली होती, हे एक तेवढं कधी लिहिलं नव्हतं.

"काऊन वो? तोंडानं थोडीच घ्याचं हाये. लिव."

मी लिहिलं. ते त्या अक्षरांकडे टक लावून पाहत बसले. वाचता येत नव्हतं, तरी पाहत बसले. त्यानंतर कुसुम हरवली की कोणी ना कोणी बिल्ला वाचून तिला दारात आणून सोडायचं.

आता माझा भाऊ आम्हाला त्याच्या गावी, संग्रामपूरला न्यायचं म्हणतो. इथलं घर सोडायचं. मग कुसुम हरवली, तर बिल्ला वाचून लोक तिला कुलूप लावलेल्या दारात आणतील. भाऊ म्हणाला, "पितळेचा नवा करून टाकू, त्यात काय." मी कधी भावाला उलटून बोलले नाही. त्या दिवशी मान खाली घालूनच म्हटलं, "पितळेचा नाही. हाच राहील."

तो गेल्यावर कुसुमच्या गळ्यातून बिल्ला काढला. ती रडायला लागली. मी तो पालथा केला. मागची बाजू कोरी होती. तिथे खडूने लिहिलं, आई गंगा, संग्रामपूर. माझं नाव मी कशावरही लिहिलं नव्हतं, भांड्यावरसुद्धा. पुढे काय करायचं ते मला येत नव्हतं. छिन्नी हातात घेतली तर ती स्टीलवरून सरकून माझ्याच बोटाला लागली.

कुसुमने माझ्या हातातून छिन्नी काढून घेतली. तिची धार अंगठ्याच्या नखावर घासून पाहिली, ती नापसंत केली, पेटीतून दुसरी घेतली. बिल्ला पायाच्या अंगठ्याखाली दाबला आणि ठोके घालायला लागली. दोन हलके, एक जोराचा, मग जरा थांबणं... मी इतकी वर्षं यांच्या ठोक्यांचा तो आवाज ऐकत स्वयंपाक केला आणि तो असा आहे हे मला माहीत नव्हतं. तिला तर तो कधी ऐकूच आला नाही. ती बापाच्या हाताकडे पाहून शिकली.

मी उठून चुलीकडे गेले. तिच्याकडे पाठ करून पीठ मळत राहिले, ती माझं नाव घालून संपवेपर्यंत.