नववं दार

मला एका जागी बसवत नाही. ऑफिसात खुर्चीवर बसले तरी टेबलाखाली पाय हलत असतात. समोरचे साहेब दर दोन दिवसांनी विचारतात, "मॅडम, कुठी जायचं हाये काय?" आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. चाळिशी उलटली, आई गेली, भिंगरी राहिली.

अशा बाईने कायाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची होडी, घेतली यात नवल नाही. एका सुट्टीत गंगेवर जाऊन आठ दिवस शिकले आणि शिकवणाऱ्याचीच जुनी, आखूड, लाल प्लॅस्टिकची होडी ट्रान्सपोर्टने यवतमाळला आणली. घरमालक व्हरांड्यात तिच्याकडे बघत म्हणाले, "हा टब कायच्यासाठी?" समजावत बसले नाही. होडी सरळ मारेगावकडे, दादाच्या गोठ्यात नेऊन ठेवली. दादा माझा थोरला भाऊ. गावची शेती तोच करतो.

गावाशेजारी नदीवर कोल्हापुरी बंधारा आहे, नऊ दारांचा. पावसाळाभर दारं उघडी असतात. दिवाळीच्या सुमारास गावकरी एकेका दारात लोखंडी पाट्यांच्या दोन रांगा बसवतात, मधे काळी माती ठासतात, आणि अडलेल्या पाण्यावर हरभरा-गहू घेतात. पाट्या कधी टाकायच्या ते दादा ठरवतो, कारण त्याच्या शब्दावर गावाचा विश्वास आहे.

दोन वर्षांपूर्वी आठ दारं बंद झाली आणि मातीचा ट्रॅक्टर पांदणीच्या चिखलवाटेत फसला. नववं दार तासभर उघडं राहिलं. सगळी नदी त्या एका दारातून घुसली आणि खालच्या खडकावर एक लाट उभी राहिली. कंबरेइतकी, समोरून गुळगुळीत, माथ्यावर फेसाळ, आणि जागची न हलणारी. मी पळत जाऊन होडी आणली. नाक प्रवाहाकडे करून लाटेच्या उतारावर घसरले, आणि थांबले! खालून पाणी सुसाट पळत होतं आणि मी तिथल्या तिथे. भिंतीवर उभा राहून दादा मोजत होता, "चौदा, पंधरा, सोळा... पडली!" तेवढ्यात ट्रॅक्टर आला, दार बंद झालं, लाट गेली.

ते सोळा आकडे वर्षभर माझ्या डोक्यात वाजत राहिले. उभ्या जन्मात मी शांत होते ती तेवढीच. फायली हातावेगळ्या करताना, भाजी घेताना, एसटीची वाट बघताना मी मनात सतरा म्हणायची आणि अडायची.

मग भाऊबीज आली. ओवाळून झाल्यावर दादाने नेहमीप्रमाणे विचारलं, "काय पाह्यजे, बाई?"

"आठ दारं लाव. नववं रविवारपर्यंत उघडं ठेव."

"पागल झाली काय? नदीचं पाणी कमी होऊन राह्यलं. आता नाही अडलं तं बंधारा भरत नाही."

"तीन दिवस फक्त. हीच ओवाळणी."

ओवाळणी म्हटल्यावर भाऊ नाही कसा म्हणेल? हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तो शब्द वापरला. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

शुक्रवारी पडले. शनिवारी नाकातोंडात पाणी गेलं, कोपर सोलला, पडत राहिले. रविवारी सकाळी लाटेने मला धरलं. दादा भिंतीवरून मोजत होता. चाळिसापर्यंत ऐकू आलं, मग काहीच नाही. मी मनातच पुढे मोजत गेले, शंभराच्या पुढे. अंग हलकं झालं होतं. मी मोठ्याने हसत होते.

बाहेर आले तेव्हा दादा माझ्याकडे पाठ करून वरच्या अंगाला उकिडवा बसला होता. पाण्याच्या कडेला त्याने काल एक तुरीची काडी रोवली होती. पाणी तिच्यापासून हातभर मागे सरकलं होतं.

"झालं काय समाधान?" त्याने विचारलं.

मी म्हणाले, "आखीन एक डाव."

तो "जाय" म्हणाला. मी गेलेही.

माघ संपताना गावी गेले तर वावरातली मोटर चिखल ओढत होती. बंधाऱ्याचं पाणी उतरू लागलं की सगळ्यात आधी आमचंच वावर कोरडं पडतं, कारण ते सगळ्यात वर आहे. हरभरा घाटे भरायच्या आत वाळला होता. दादा मोटरपाशी काहीतरी खुडबुडत राहिला, माझ्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी चुलीपाशी वहिनी हळूच म्हणाली, "बाई, तुमाले सांगू? नवव्या दाराची पाटी वाकली, वेल्डिंगले नेली, असं यायनं गावाले सांगितलं. लोकायनं पटकन मानलं. तवापासून हे पारावर बसत नाहीत."

माझा दादा खोटं बोलला होता. तेही माझ्या खेळापायी. सकाळी दादा उठायच्या आत मी एसटी धरली.

यंदाच्या भाऊबीजेला मीच आधी बोलले. "नवव्या दाराच्या पाट्या मले टाकू दे." दादाने होकाराची मान हलवली.

आठ दारं बंद झाली आणि लाट उभी राहिली. गेल्या वर्षीपेक्षा देखणी. होडी गोठ्यातच होती, पण माझे पाय चुळबुळ करू लागले. ते दादाच्या लक्षात आलंच.

"आणतं काय डोंगा? एक डाव जाय."

माझं तोंड हो म्हणायला उघडलं होतं. "नाही," मी म्हणाले आणि पाण्यात उतरून पाटी खाचेत सोडली. दुसरी, तिसरी. प्रत्येक पाटीबरोबर लाट बसत गेली. शेवटची टाकली तेव्हा भिंतीवरून दादाचा आवाज आला, "एक, दोन, तीन..." लाट किती वेळ तग धरते ते तो मोजत होता. बाविसाला पाणी सपाट झालं.

"रडून राह्यली काय?"

"हो," मी म्हणाले. रागही आला होता. मला ती लाट हवीच होती, अजूनही हवी आहे.

"मंग रडता रडता हात लाव. फटीतून पाणी चाल्लं."

खरंच पाट्यांच्या फटीतून पाणी फुसफुसत होतं. ट्रॅक्टर अजून पांदणीतच होता. मी दोन मुठी गाळ उचलला, फटीवर दाबून धरला, आणि माती येईपर्यंत तशीच उभी राहिले, एका जागी.