लिंबाजीभाऊंचा अख्खा पिच्चर

ज्या माणसाचं माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण आहे, त्यांचं नाव लिंबाजीभाऊ. आष्टीत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगवर त्यांचं घर चालायचं. पण आमच्या गावातली माणसं त्यांना ओळखायची ती एका वेगळ्याच सवयीमुळे. डीव्हीडी प्लेअरमध्ये घालण्याआधी भाऊ ती बोटांवर तोलून धरत, तिच्यावर हलकी फुंकर घालत आणि सदऱ्याच्या टोकानं मधून कडेकडे पुसत. "गोल पुसायची न्हाई. गोल पुसली की वरखडा गोल पडतो, मग गाडी तिथंच फिरत बसती." पुसून झालं की खोलीतल्या सगळ्यांकडे एकदा बघत आणि बजावत, "नावं लागंस्तवर कुनी उठायचं न्हाई."

भाऊंनी स्वतः काढलेला तो एकुलता एक पिच्चर संपताना त्यातल्या प्रत्येक माणसाचं नाव पडद्यावर सरकायचं. बघणाऱ्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नसे, म्हणून भाऊ टीव्हीशेजारी उभे राहून ती नावं मोठ्यानं वाचत. लग्नात आहेर पुकारतात त्या थाटात. माझ्या आईचं नाव कुणी पूर्ण उच्चारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं ते तिथं. तोवर ती म्हादूची बायको होती, नाहीतर संज्याची माय.

माझे आई-वडील ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की मुकादमाच्या टोळीबरोबर पश्चिमेकडच्या कारखान्यांना जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. मी आष्टीला वसतिगृहात राहायचो. ते 'कारखान्याला गेलेत' एवढंच मला ठाऊक. तिथं काय असतं, ते कुणी सांगत नसे आणि मीही विचारत नसे. नववीत असताना एका रविवारी भाऊ वसतिगृहात तो पिच्चर घेऊन आले. धुक्यात एक बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढत होती. पावलागणिक फळी वाकत होती. वर पोचून तिनं मोळी टाकली, वळली, आणि मला दिसलं की ती माझी आई आहे. शेजारचा पोरगा म्हणाला, "संज्या, तुझी माय हाय का बे ती?"  त्यानंतर शाळेत माझं लक्ष कधी उडालं नाही. अभ्यासाचा कंटाळा आला की ती फळी वाकताना दिसायची.

दहावीनंतर वडिलांनी माझ्यासाठी मुलगी बघायला सुरुवात केली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. घरात अजून एक कोयता वाढला तर मुकादमाकडून मिळणारी आगाऊ उचल वाढणार, हा सरळ हिशेब. भाऊंना कळलं तसे ते मोटारसायकलवर घरी आले. वडिलांना म्हणाले, "म्हादू, तुझा पोरगा माझ्या पिच्चरमधी न्हाई. आता नवीन मानूस घालायला माझ्याकडं टेप बी न्हाई. त्याला हितंच ऱ्हाऊ दे." वडील आधी चिडले, मग हसले. बीडच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला भाऊच माझ्याबरोबर आले. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आज मी विदर्भातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो.

तो पिच्चर त्यांनी कशासाठी काढला, हे मी एकदा विचारलं होतं. भाऊ कधी स्वतःबद्दल बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले. एका मुकादमाच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग त्यांनी केलं होतं. पंगतीत वाढायला, भांडी घासायला टोळीतलीच माणसं होती. मुकादमानं कॅसेट पाहिली आणि म्हणाला, ही कळकट माणसं मधे मधे कशाला, काढून टाक. "मी काढली की. लई सफाईनं काढली. कुटं जोड दिसंना. आन मग घरी आल्यावर मलाच जेवन जाईना. ती मानसं दिवसभर राबली आन लग्नात कुनी नव्हतंच, आसं झालं." पुढच्या दिवाळीला भाऊ कॅमेरा घेऊन आमच्या टोळीबरोबर निघाले. उसाचा हंगाम आणि लग्नांचा हंगाम एकच. त्या वर्षीची सगळी लग्नं दुसऱ्या शूटिंगवाल्यांकडे गेली. भाऊंच्या पत्नी कांतावहिनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लोकं उसातून पळून येतेत, आन आमचा मानूस हौसेनं चाललाय."

'खोपीतली माणसं' असं त्यांनी त्या पिच्चरला नाव दिलं. पुण्याला एका महोत्सवात दाखवावा म्हणून ते घेऊन गेले, तर तिथल्या माणसानं सांगितलं की आवाजात वारा फार आहे. "उसात वारा आसतोच," म्हणून भाऊ परत आले. टीव्हीवाल्यांनी फोन उचलला नाही. मग त्यांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर स्वतःच डीव्हीडी काढल्या, फ्लेक्सवाल्याकडून कव्हर छापून घेतली आणि कव्हरच्या खाली लिहिलं, 'घरी बसून अख्खा बघावा.' त्या घेऊन ते घरोघर गेले. ज्यांच्याकडे प्लेअर नव्हता त्यांच्याकडे प्लेअर नेला.

आमच्या घरी लावला तेव्हा खोलीत अर्धी आळी होती. आई स्वतःला बघून म्हणाली, "आगं बाई, लुगडं बघा कसं झालंय. लिंबाजी, सांगायचं तरी, दुसरं नेसले आसते." सगळे हसले. त्यानंतर मात्र आपलं नाव वाचलं जाईपर्यंत तिनं पदर तोंडावरून काढला नाही.

अडचण पुढं सुरू झाली. भाऊंकडे लोक लग्नाची सीडी घ्यायला येत, तसेच ते या पिच्चरसाठी येऊ लागले. "आमचा तेवढा काढून दे." आमचा म्हणजे आमच्या घरचा माणूस. त्यावर एखादं गाणं टाकलं तर आणखी चांगलं. यात कुणाचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. व्हिडिओ म्हणजे आपल्या माणसांचा, हेच सगळ्यांना माहीत होतं. भाऊ कुणालाच तुकडा देत नसत. "पिच्चर म्हंजी बापाची जमीन न्हाई वाटनी करायला," असं ते म्हणत. फारच कुणी अडून बसलं तर समजावून सांगत, "लग्नाची शीडी घरच्यांनी बघायची. पिच्चर दुसऱ्याच्या घरच्यांनी बघायचा. तुझी माय त्यानं बघायची, त्याची माय तू बघायची. तवा त्याचा उपेग."

टोळीतल्या निवृत्तीतात्यांचा मुलगा उसाच्या ट्रॉलीखाली सापडून गेला. पिच्चरमध्ये तो बैलांना पाणी पाजताना दिसायचा, शीळ घालत. तात्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. "लिंबाजी, मला पोरगं फिरून फिरून बघायचंय. ती मानसं बघून मी काय करू? माझं पोरगं दे." भाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते म्हणाले, "तात्या, तुकडा देत न्हाई. तुमाला जवा बघावं वाटंल तवा मी येऊन बसतो." आणि ते खरोखर जात. तात्यांच्या मुलासाठी ते दोघं अख्खा पिच्चर बघत.

शेवटी तात्यांच्या पुतण्यानं टीव्हीसमोर मोबाइल धरून तेवढा भाग उतरवून घेतला. तो सगळ्यांनी पाहिला आणि घरोघर तसंच सुरू झालं. जो तो आपल्या माणसापुरता मोबाइल वर धरायचा आणि मग खाली ठेवायचा. शेजारचा मोबाइलवाला पांडुरंग भाऊंच्याच वयाचा. तो चेष्टा करायचा, "लिंब्या, तुझा पिच्चर व्हाट्सपला बसत न्हाई बे. जरा कापून बारीक कर." भाऊ म्हणायचे, "तुझं डोस्कं बसतंय, तेवढं पुरं हाय."

मग प्लेअर गेले. कुणी भंगारात घातले, कुणाचे माळ्यावर चढले. लग्नांना ड्रोनवाली पोरं आली आणि भाऊंच्या दुकानात पासपोर्ट फोटोंपुरतं गिऱ्हाईक उरलं. एका उन्हाळ्यात वीज सारखी येत-जात होती, त्यात त्यांच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क उडाली. बीडला दाखवली, पुण्याला पाठवली. काही निघालं नाही. मूळ टेप तर भाऊंनी केव्हाच पुन्हा वापरल्या होत्या. त्यांच्यावर दुसऱ्यांची लग्नं होती. दुकानात जपून ठेवलेल्या डीव्हीडींचा चंदेरी पापुद्रा सुटला होता. उजेडाकडे धरल्या की आरपार दिसायचं.

"गावात कुटंतरी एक धड आसंलच," असं भाऊ म्हणाले. मी रजा काढून आलो आणि आम्ही दोघं मोटारसायकलवर हिंडलो. एक डीव्हीडी ज्वारीच्या रानात पाखरं हाकायला दोरीला टांगलेली सापडली. एक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागं खिळ्यानं ठोकलेली, दिव्याच्या उजेडात चमकावी म्हणून. भाऊ रागावले नाहीत. एका म्हातारीनं तर ती देव्हाऱ्यात ठेवली होती. मुलगा गेल्यापासून दर दिवाळीला ती तिला हळदकुंकू वाहत होती. भाऊंनी ती दोन्ही हातांनी घेतली, नेहमीसारखी फुंकर घातली, पण पुसली नाही. थर जमून ती खरबरीत झाली होती. "जपली बरं का माय तू," एवढं म्हणून त्यांनी ती परत देव्हाऱ्यात ठेवली.

मग मीच सुचवलं की लोकांच्या मोबाइलमधले तुकडे गोळा करून जोडू. भाऊंना ते पटलं नाही, पण दुसरं काही उरलं नव्हतं. तुकडे मिळाले. आमच्या घरातही आईचाच तुकडा होता. बीडला माझ्या मित्राच्या दुकानात ते सगळे एकापुढे एक लावले. आई फळीवर चढत होती, निवृत्तीतात्यांचा मुलगा शीळ घालत होता. टीव्हीची चौकट तिरकी, मधेच कुणाचं बोट, कुणाच्या घरच्या कुकरची शिट्टी. भाऊ खुर्चीच्या कडेला बसून बघत होते. संपल्यावर ते म्हणाले, "गयाबाई कुटं हाय?"

गयाबाई कुणाकडेच नव्हती. नवऱ्यानं टाकलेली, मूलबाळ नसलेली, टोळीत एकटीच ऊस तोडणारी बाई. तिचं माणूस कुणी नव्हतं, म्हणून तिच्या वेळेला कुणी मोबाइल वर धरला नव्हता. पिच्चरच्या बरोबर मध्ये ती चुलीसमोर बसून बोलायची. बाकी सगळे काम करताना दिसत. बोलत होती ती एकटीच. पुढं एका हंगामात ती तिकडेच वारली आणि टोळीनं तिला तिकडेच माती दिली.

 भाऊ म्हणाले, "मुकादमानं काढ म्हनल्यावर मी ती लग्नातली मानसं काढली व्हती. हितं तर कुनीच काढ म्हनलं न्हाई रं. तरी निघाली." जोडलेला तो पिच्चर पेनड्राइव्हवर घेऊन जा, असं मी म्हणालो. त्यांनी घेतला नाही. गाडीवर बसताना त्यांचा पाय दोनदा घसरला. त्यानंतर त्यांनी दुकान उघडलं ते फक्त झाडण्यापुरतं, असं वहिनी सांगत.

मी नोकरीच्या गावी परतल्यावर त्यांना एक पत्र लिहिलं. फोनवर मला ते बोलता आलं नसतं. पत्र पोचलं, त्याआधीच भाऊंना लकवा मारून त्यांची वाचा गेली होती. मला ते कुणी कळवलं नव्हतं. वहिनींनी शेजारच्या मुलीकडून पत्र वाचून घेतलं. नंतर मला फोनवर म्हणाल्या, "दोनदा वाचायला लावलं बाबा. शेवटाला आलं की व्हट हालवायचे. लई हालवले. घाम फुटला. काय म्हनतेत ते मला काय कळंना गेलं." पोळ्याच्या आधी भाऊ गेले. मी पोचलो तेव्हा माती झाली होती.

ते पत्र असं होतं:

तीर्थस्वरूप लिंबाजीभाऊ यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोचलो. तुम्ही बीडहून निघताना काही बोलला नाहीत, ते मनातून जात नाही. गयाबाईचा भाग मी इतक्यांदा पाहिला आहे की मला वाटलं, तो आठवून लिहिता येईल. लिहिला आहे, तो खाली देतो. चुकलं असेल तिथं दुरुस्त करा.

गयाबाई चुलीसमोर बसली आहे. मागं खोपीचं पाचट वाऱ्यानं हलतंय. ती पीठ मळते आहे, तुमच्याकडे बघत नाही. म्हणते, "मी येकटी, म्हंजी आर्दा कोयता. आर्द्या कोयत्यानं दर म्हैन्याला खाडा केला तर मुकादम कशाला ठिवील? म्हनून पिशवी काढून टाकली. डाक्टर म्हनला, बाई, तुझं वय न्हाई. मी म्हनलं, वय न्हाई, पर ऊस तर हाय."

मग ती भाकरी थापते. तुम्ही कॅमेरा हलवत नाही. भाकरी तव्यावर पडेपर्यंत कुणीच बोलत नाही. मग ती पहिल्यांदा वर बघते आणि विचारते, "हे कुटं दाखवनार तुमी?" तुमचा आवाज येतो, "घरोघर." ती हसते, पिठाच्या हातानं कपाळावरचे केस मागं सारते आणि एक वाक्य बोलते.

ते वाक्य मला आठवत नाही, भाऊ. जिथं जिथं मी हा पिच्चर पाहिला, तिथं ती हसली की सगळी खोली हसायची आणि तिचं बोलणं त्यात बुडून जायचं. आईला विचारलं, वडिलांना विचारलं, तात्यांना विचारलं. कुणालाच माहीत नाही. पण तिच्यासमोर तुम्ही बसला होता, तुम्हाला नक्की आठवत असेल. वहिनींना सांगून ठेवा, त्या मला फोनवर सांगतील. तेवढं एक वाक्य मिळालं की गयाबाई पूर्ण होईल.

तब्येतीला जपा.

आपला,
संजय