मंडळाचे पितळी बिल्ले

कोपऱ्यावरच्या वाण्यामुळे माझ्या मनात पहिल्यांदा शंका आली. सामान घेऊन मी पर्समधून नोट काढत होते, तर तो म्हणाला, "भाभीजी, पैसा रहने दीजिए. बिल्ला हो तो बिल्ला दीजिए."

सरकारी नोटेपेक्षा आमच्या मराठी मंडळाचा बिल्ला ज्याला जास्त प्यारा, त्याच्या डोक्यात काहीतरी शिजत असणार.

बिल्ल्यांची कल्पना माझ्या धाकट्या दिराची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही काशीत ब्रह्मा घाटावर राहायचो आणि तो युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर शिकत होता. मंडळात कामाला माणसं मिळेनाशी झाली होती. गणपतीत पंगत वाढायला तीच ती माणसं, आजारी म्हाताऱ्यांजवळ बसायला तर कुणीच नाही. म्हणून त्यानं योजना आखली. जो सेवा करील त्याला पितळी बिल्ला मिळेल. बिल्ले साठले की मंडळाच्या पाहुण्यांच्या खोल्या घेता येतील. पुढे त्यानं वाण्यालाही पटवलं. वाण्यानं बिल्ल्यावर सामान द्यायचं आणि मंडळानं त्याला रोख रक्कम द्यायची.

सुरुवातीला फायदा झाला, हे मला नाकारता येणार नाही. माझ्या सासूबाई खुब्याचं हाड मोडल्यामुळे अंथरुणाला खिळल्या होत्या. मी शाळेत शिकवायला गेले की शेजारच्या काकू त्यांच्याजवळ येऊन बसत. त्यांच्या हातावर पहिला बिल्ला ठेवताना मीच अवघडले. काकू म्हणाल्या, "अगं, संकोच कसला करतेस? तेल आणीन त्याचं."

वाण्याचं बोलणं मी घरी सांगितलं. "भाऊजी, त्याला आपले बिल्ले एवढे का हवेत?"

दीर खूश झाला. "वहिनी, लोकांचा विश्वास बसला म्हणजे ते चलन झालं. मला हेच तर हवं होतं."

"तुम्हाला हवं होतं, ते मंडळाला ठाऊक आहे का?"

त्यानं हसून विषय बदलला. मला ते हसणं आवडलं नाही.

भाद्रपदात काकूंची बहीण नवऱ्याचं श्राद्ध करायला नागपूरहून मुलांना घेऊन यायची होती. काकूंनी त्यासाठी बिल्ले जपून ठेवले होते. मंडळात गेल्या, तर एकही खोली शिल्लक नव्हती. मंडळाचे व्यवस्थापक रेल्वेतून निवृत्त झालेले, सरळ गृहस्थ होते. ते म्हणाले, "सगळ्या खोल्या यात्रेकरूंचे गट आणणाऱ्या एका यात्रावाल्यानं घेतल्या. बिल्ले मोजून दिले त्यानं. नियमाबाहेर काही नाही."

त्या यात्रावाल्यानं मंडळात कधी पंगत वाढलेली कुणी पाहिली नव्हती.

मी वाण्याला विचारलं. त्यानं काही लपवलं नाही. गंगेपलीकडे रामनगरला त्याच्या मेव्हण्याचं दुकान होतं, बिल्ले तिकडे जात. रविवारी नवऱ्याला घेऊन मी रामनगरला गेले. लॉटरीच्या तिकिटांशेजारी काचेच्या बरणीत आमचे बिल्ले होते. मी भाव विचारला. दुकानदारानं सांगितलेला आकडा मंडळाच्या दराच्या कितीतरी वर होता. "पितरपख में दाम चढ़ जाता है, बहनजी," तो म्हणाला.

येताना नावेत नवऱ्यानं विचारलं, "हा पोरगा यात नसेल ना?" माझ्याही मनात तेच होतं.

त्याच आठवड्यात मंडळाची बैठक झाली. दिरानं सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता, उलट उत्साहच होता. तो म्हणाला, "दोष पितळेचा आहे. बिल्ले कॉम्प्युटरवर टाकू. मग खोटा बिल्ला नाही, बरणी नाही. ज्याला द्यायचे त्याला थेट देता येतील. पुढे तर मंडळाचीही गरज उरणार नाही."

मी विचारलं, "मग यात्रावाला ते विकत घेऊ शकणार नाही?"

"घेईल ना. कुणीही घेईल, जगात कुठेही."

"आणि काकूंच्या बहिणीनं कुठे उतरायचं?"

पाठशाळेचे वयोवृद्ध गुरुजी इतका वेळ डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, "बाळ, तू लबाड नाहीस. पण उद्या लबाड आला तर तुझी योजना त्याला अडवत नाही, एवढंच आम्हाला दिसतंय."

योजना बंद झाली. यात्रावाल्याच्या खोल्या रद्द करता आल्या नाहीत, कारण त्यानं नियम मोडलाच नव्हता. काकूंची बहीण आमच्याकडे उतरली. दिरानं आपण होऊन आपली खोली रिकामी केली आणि पाहुणे जाईपर्यंत गच्चीवर झोपला. त्यानंतर बरेच दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोले.

काकू येत राहिल्या. मी त्यांना दर महिन्याला पैसे देऊ लागले आणि त्यांनी ते घेतले. आमच्यात यावर कधी बोलणं झालं नाही.

दीर पुढे बंगळूरला गेला. बऱ्याच वर्षांनी वर्तमानपत्रांत क्रिप्टोच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा त्याचा फोन आला. "वहिनी, वाचलंत? मी तेव्हा हेच म्हणत होतो."

"वाचलं," मी म्हटलं. "तुम्ही घेतलंत की काय त्यातलं?"

"थोडंसं," तो म्हणाला. किती, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र मी नवऱ्याला म्हटलं, जरा लक्ष ठेवा त्याच्यावर.