कर्नल हलकं करताना

आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयातला संगणक मी सुधारायला घेतला, तेव्हा तो चालू होता. हे आधीच सांगून टाकतो. पुढच्या दोन आठवड्यांत हे मला एकदाच म्हणून दाखवलं गेलं, पण ते सारखं ऐकू येत राहिलं.

राज्यांची नवी रचना होऊन नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि जबलपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं, तेव्हा इथल्या मराठी माणसांना कळलं की आपण न हलता परप्रांतात पोचलो आहोत. त्यावर त्यांनी मंडळाचा जोर वाढवला. जबलपुरातल्या राइट टाउनात हॉल झाला, हॉलला कोनशिला बसली, आणि मागच्या अंगाच्या एका खोलीत वाचनालय सुरू झालं. कोनशिलेवर अकरा नावं आहेत, सगळी पदांसकट. वाचनालयात पुस्तकं किती, हे मात्र कोणालाच नक्की सांगता येत नसे.

मी सांगतोय ते बरंच नंतरचं, खिशात फ्लॉपी घालून फिरण्याच्या दिवसांतलं. वाचनालय तेव्हा एक काकू बघत. हिंदी माध्यमाच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. मंडळाच्या एका सदस्याने कुठल्याशा कचेरीच्या भंगारातून एक संगणक आणून दिला. एका इंजिनियरने त्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली बसवली आणि तो नोकरीसाठी शहर सोडून गेला. काकू त्या संगणकावर तीन वर्षं पुस्तकांची यादी टाइप करत होत्या. काळ्या पडद्यावर देवनागरी उमटत नव्हती, म्हणून मराठी पुस्तकांची नावं त्या रोमन लिपीत लिहीत. समितीने संगणक आल्याच्या आनंदात जुनी हस्तलिखित कार्डं रद्दीत घातली. कार्डांच्या कपाटात झांजा आणि लेझिमं राहायला आली. थोडक्यात, आमच्याकडे कुठली पुस्तकं आहेत हे आता जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, त्या भंगारातल्या डिस्कवर.

मी रिछाईतल्या एका कारखान्यात नोकरीला होतो आणि फावल्या वेळात लिनक्सशी खटपट करायचो. एका रविवारी काकूंनी मला बोलावलं.

"यादी छापून मागून राहिले अध्यक्ष," त्या म्हणाल्या. "वार्षिक सभेत ठेवायची आहे."

"मग छापू ना. प्रिंटर तर मिळाला आहे."

"प्रिंटर मिळाला, पण हे यंत्र त्याला ओळखतच नाही. आणि यादी नाही दिली तर खोली जाते बरं. पाहुण्यांसाठी कक्ष करायचा म्हणतात इथं. सोफा टाकून."

"पाहुणे वर्षातून येतात किती?"

"दोन. पण सोफा रोज राहील ना."

अध्यक्षांचं म्हणणं तर्काला धरून होतं. जिथे काय आहे हेच सांगता येत नाही, ते सांभाळायचं कशाला? पुस्तकं नागपूरच्या एखाद्या संस्थेला सन्मानपूर्वक भेट द्यावीत. हा 'सन्मानपूर्वक' शब्द ते वापरू लागले की मी सावध होतो. त्याच्यामागे सहसा टेम्पो उभा असतो.

प्रिंटर न चालण्याचं कारण साधं होतं. संगणक सुरू होताना सगळ्यांत आधी जो भाग जागा होतो त्याला कर्नल म्हणतात. डिस्क, कीबोर्ड, प्रिंटर यांच्याशी बोलायचं काम त्याचं. आमच्या कर्नलमध्ये प्रिंटरशी बोलणारा तुकडा नव्हता. तो घालून कर्नल नव्याने बांधायचं, की झालं. एका संध्याकाळचं काम.

पण कर्नल बांधायला घेतलं की आधी शेकडो प्रश्नांची एक यादी समोर येते. हे हवं का, ते हवं का? आणि मी पडलो अनावश्यक गोष्टींचा वैरी. मंडळाच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, शाल, श्रीफळ, असं एकेक पुढे सरकत असताना मी मनातल्या मनात त्यावर काट मारत बसलेला असतो. समितीत माझं कोणी ऐकत नाही. इथे प्रत्येक प्रश्नावर 'नको' म्हणायचा पूर्ण अधिकार मला एकट्याला होता. साउंड कार्ड नको. नेटवर्क नको, संगणक कशालाच जोडलेला नव्हता. स्कझी नावाचा एक प्रकार आला. त्यात डिस्क नेहमीसारखी थेट न जोडता वेगळ्या महागड्या कार्डातून जोडतात, मोठ्या कचेऱ्यांच्या यंत्रांमध्ये. आमच्या गरीब वाचनालयात कसली आलीय महागडी डिस्क? नको. मी यादी संपवली तेव्हा कर्नल आधीच्या निम्म्याहून लहान झालं होतं. एक गोष्ट मात्र मी त्यात घातली. कर्नलच्या आवृत्तीच्या आकड्यापुढे आपली खूण लिहायची सोय असते, तिथे मी माझी आद्याक्षरं लिहिली. कोनशिलेवर हसणाऱ्या माणसाने हे केलं, याची नोंद राहू द्यावी.

घरच्या संगणकावर बांधलेलं ते कर्नल फ्लॉपीवर घेऊन मी वाचनालयात गेलो, डिस्कवर चढवलं, आणि जागा अडते म्हणून जुनं पुसून टाकलं. नीटनेटकेपणा. मग संगणक बंद करून परत सुरू केला.

पडद्यावर माझी आद्याक्षरं आली. त्याखाली भराभर ओळी गेल्या, आणि शेवटची ओळ आली ती अशी की ज्या डिस्कवरून पुढचं सगळं उघडायचं ती सापडत नाही, म्हणून कर्नल हातपाय गाळून थांबलं आहे. इंग्रजीत त्याला 'पॅनिक' म्हणतात. शब्द अचूक आहे, फक्त तो पडद्याच्या दोन्ही बाजूंना लागू होतो हे त्यात सांगितलेलं नसतं.

मी संगणकाची पेटी उघडली. आत डिस्क होती आणि ती एका वेगळ्या कार्डातूनच जोडलेली होती. भंगार खरं, पण मोठ्या कचेरीचं भंगार होतं.

काकू शेल्फावर पुस्तकं लावत होत्या. "झालं का रे?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

"थोडं काम बाकी आहे. पुढच्या रविवारपर्यंत लागेल."

"मी टाइप करू शकते ना तोवर?"

"नको, आठवडाभर हात लावू नका."

खोटं यात एकही अक्षर नव्हतं, आणि तरी ते खोटंच होतं. सभा चौदा दिवसांवर होती. यादी डिस्कवर होती तशीच होती, फक्त तिच्यापर्यंत जाणारा रस्ता मी उखडला होता. आणि हे सांगायचं टाळलं, कारण जाणकार म्हणून मला त्या खोलीत जो मान होता तो मला एकदम अत्यावश्यक वाटायला लागला.

तो आठवडा मी रोज कारखान्यातून परस्पर वाचनालयात जात होतो. कार्डाचा तुकडा घालून फ्लॉपीवरूनच संगणक सुरू करायचा, असा विचार होता. पण अशी कार्डं वीसेक प्रकारची, आणि आमच्या कार्डावर कंपनीचं नाव होतं तिथे त्या कचेरीने आपला मालमत्ता क्रमांक रंगाने रंगवून ठेवला होता. सगळेच तुकडे घालावेत तर कर्नल फ्लॉपीवर मावत नाही. त्यात हे कार्ड जुन्या जातीचं, स्वतःहून ओळख न देणारं. त्याचा पत्ता काही आकड्यांत आपणच आधी सांगावा लागतो. इंजिनियरने तो कधीतरी सांगून ठेवला असणार, पण तेही मीच नीटनेटकेपणात उडवलं होतं. त्याचा फोन लागत नव्हता. कार्ड काढून माझ्या घरच्या संगणकात बसवावं तर तिथे तसली खाचच नव्हती. मी अंदाजाने कर्नलं बांधत होतो, फ्लॉपी नेत होतो, आणि रोज माझी आद्याक्षरं बघून परत येत होतो.

शुक्रवारी काकू दारात उभ्या राहिल्या. मी पेटीत डोकं घालून बसलो होतो.

"काहून रे, आठवडा होत आला, काय करून राहिला तू?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, आद्याक्षरं सोडून. त्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे यादी गेली?"

"गेली नाही. आहे तिथंच आहे. मला पोचता येत नाही."

"तेच ते." मग म्हणाल्या, "चालत होतं ते काहून हलवलं?"

"हलकं करत होतो."

"कोणाला जड झालं होतं?"

एक लक्षात आलं. मी प्रत्येक प्रश्नापाशी विचारत होतो की हे कशाला हवं, आणि उत्तर मलाच माहीत नसलं की त्याला अनावश्यक म्हणत होतो. अध्यक्ष वाचनालयाबद्दल नेमकं हेच करत होते.

काकूंनी विचारलं, "नेमकं काय कळत नाही तुला?"

"सुरू होताना आधी इथं ओळी यायच्या ना, त्यात या कार्डाचं नाव आणि आकडे असायचे. ते हवेत. पण त्या ओळी आता येत नाहीत."

"त्या आहेत माझ्याकडं," त्या म्हणाल्या.

टेबलाच्या खणातून त्यांनी शाळेची शंभरपानी वही काढली. संगणक नवा आला तेव्हा कधीतरी मी त्यांना म्हणालो होतो म्हणे, की काही बिघडलं तर पडद्यावर काय लिहून आलं ते मला नेमकं सांगा. मला आठवत नव्हतं. असलं वाक्य आम्ही लोक सगळ्यांनाच फेकतो.

"मी म्हटलं, बिघडल्यावर काय येतं ते सांगायचं तर धड असताना काय येतं ते आधी माहीत पाहिजे ना बाप्पा. नाही तर फरक कसा कळेल? म्हणून उतरवून घेतलं. भराभर जातात त्या ओळी. रोज सकाळी दोन-दोन घेतल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या."

सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळ्या ओळी तिथे होत्या, तारीखवार, प्रत्येक दिवसाच्या शेवटी 'आज येथपर्यंत'. आणि सगळ्या देवनागरीत, कारण त्यांचा हात देवनागरीत वेगाने चालतो. मराठी पुस्तकं रोमनमध्ये आणि यंत्राचं इंग्रजी देवनागरीत, अशी त्या खोलीतली व्यवस्था होती. पुस्तकांची पडताळणी करायची त्यांची हीच पद्धत, रोज एक फळी. तीच त्यांनी यंत्राला लावली होती. माझी पद्धत एका बैठकीत सगळ्याला 'नको' म्हणण्याची.

तिसऱ्या पानावर ती ओळ होती. कार्डाच्या तुकड्याचं आखूड, अक्षरं आणि आकडे मिसळलेलं नाव, बरोबरचं चिन्ह, 'शून्य एक्स तीन चार शून्य', स्वल्पविराम, अकरा. बाईंनी स्वल्पविरामसुद्धा सोडला नव्हता.

"हे काय आहे ते मला कळलं नाही," त्या म्हणाल्या. "पण होतं, म्हणून लिहिलं."

शनिवारी मी कर्नल परत बांधलं. त्यात तो तुकडा घातला, प्रिंटरचा घातला, आणि ज्या गोष्टी कशाला लागतात हे मला माहीत नव्हतं त्या सगळ्या, फ्लॉपीवर मावतील तेवढ्या, राहू दिल्या. आद्याक्षरं काढली. रविवारी सकाळी फ्लॉपी घातली, वहीतले आकडे टाइप केले. काकू वही मांडीवर घेऊन शेजारी बसल्या होत्या आणि पडद्यावरच्या ओळी वहीशी ताडून बघत होत्या.

"ही नवीन आहे," एका ओळीला त्या म्हणाल्या.

"तो प्रिंटर."

"अच्छा." त्यांनी पेन्सिलने नोंद केली.

मग डिस्क सापडल्याची ओळ आली. काकूंनी चष्मा काढून पुसला, परत घातला, यादी उघडली आणि थेट शेवटची नोंद बघितली. ती जागेवर होती. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "छापायला लाव."

सुयांच्या त्या प्रिंटरला पूर्ण दुपार लागली. सगळं राइट टाउन दाढी करतंय असा आवाज येत होता.

सभेत काकूंनी तो कागदाचा गठ्ठा टेबलावर ठेवला. कोणी वाचला नाही. अध्यक्षांनी वरची दोन पानं उलटली, वजन अजमावलं आणि म्हणाले की हे तर फारच मोठं कार्य झालं आहे, काकूंचा यथोचित सत्कार व्हायला हवा. काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सत्कार राहू द्या जी. खोलीचं काय ते लिहा." थोडी चुळबूळ झाली. सदर बाजाराकडच्या एका सदस्याने हिंदीत विचारलं की हमारे यहाँ इतनी किताबें हैं क्या, आणि त्यानंतर ती पुस्तकं टेम्पोत घाला असं म्हणायला कोणी तयार होईना. इतिवृत्तात लिहिलं गेलं की कक्षाचा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब. आमच्या मंडळात तहकूब झालेला विषय परत उठून बसल्याचं उदाहरण नाही.

सभा संपल्यावर काकू मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. त्यांनी यादीच्या दोन फ्लॉप्या करून ठेवल्या होत्या, माझ्याकडून शिकून, माझ्या गैरहजेरीत. एक त्यांनी पर्समध्ये टाकली. दुसरी माझ्या हातात दिली.

"ही तुझ्या घरी राहू दे."

"बरं. एकदा उघडून बघतो, नीट उतरली का."

"मी बघितलं आहे," काकू म्हणाल्या. "तू फक्त ठेव. सुधारू नोको."