रिकाम्या गाडीला दोरा

ये, अशी जवळ सरकून बस. दाराशी उभी राहून काय बोलतेस परक्यासारखी? नवी गाडी घेऊन दिवाळी उलटली, आणि आत्ता आजीची आठवण झाली होय तुला? बरं, चहा उकळेपर्यंत ऐक.

नगरला तुझ्या आजोबांचं पत्र्याचं गॅरेज होतं, आमच्या दारासमोरच. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून ते चाकांची तोंडं सरळ करायचे. पण आधी मला आणि जावेला हाक, "या गं, बसा गाडीत." माणसं बसली की गाडी दबते, तोंडं बदलतात, म्हणून दोरा भरल्या गाडीलाच. कणकेच्या हातांनी जाऊन बसायचो आम्ही. जाऊ म्हणायची, "फिरायला नेत्यात, पन गाडी काय हलंना."

दुष्काळाच्या सालात एका शेठची लाल इटालियन गाडी आली. दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली. रस्त्यांवर तेव्हा दुष्काळी कामाची खडी. गाडीचं पोट घासायचं. शेठ म्हणाले, पुढून उंच करा. ह्यांनी स्प्रिंगांखाली जाड चकत्या घातल्या. पण त्या गाडीचं चाक धरायला दोन लोखंडी दांडे असतात, हात म्हणतात त्यांना, वरचा आखूड, खालचा लांब. गाडी उचलली तशी चाकं वरून बाहेर कलली. ती सारखी करून ह्यांनी सुतळी घेतली, मला हाक मारली. तर शेठचा ड्रायव्हर आडवा आला.

"मिस्त्री, पांढऱ्या कातड्याची शीट हाय. तिथं बायका बसवता व्हय?"

हे माझ्याकडं वळले. मला म्हणाले, "ऱ्हाऊ दे, जा तू." रिकाम्या गाडीलाच दोरा लावला.

दुसऱ्या दिवशी शेठ चालवायला, हे शेजारी, असे सुप्याकडं निघाले. दोघांच्या वजनानं गाडी बसली, चाकांची तोंडं फिरली. वळणावर ती वळलीच नाही, खडीच्या ढिगावर चढली. शेठला खरचटलं. ह्यांचा गुडघा गेला.

दवाखान्यात भिंतीकडं बघत म्हणाले, "रिकामी मापली गं मी."

"बसू कोन देत हुतं आपल्याला?"

"माप माझं हुतं. त्याला सांगायला पायजे हुतं."

पुन्हा त्यांना गाडीखाली शिरता आलं नाही. गॅरेज दुसऱ्याला दिलं. ओळखीच्या कुणी नुसता दोरा बघायला बोलावलं, तरी म्हणायचे, "दुसरीकडं जावा." संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची पुढची चाकं बघायचे. ती सुतळी खिळ्यावरच कुजली.

घे, चहा झाला. आता गेलीस की पुन्हा लवकर ये, बाई. गाडी घेऊनच ये, आणि मला पुढच्या शीटवर बसव, हात कणकेचे असले तरी.