सुमनछाप

सुमनताई गोष्ट ऐकता ऐकता रडायच्या. तीही कुणाची, तर यंत्रमानवाची. नाशिकला महिन्यातून एका रविवारी आमचा विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा गट जमायचा. त्यासाठी त्या दिंडोरीहून एसटीने यायच्या. तिथल्या शाळेत शिक्षिका होत्या. पहिल्याच बैठकीत कुणीतरी मंगळावर मागे राहिलेल्या यंत्राची कथा वाचली आणि यांनी पदर डोळ्यांना लावला. एकदोघं हसले. "यंत्र असलं म्हणून काय झालं?" त्या म्हणाल्या. "एकटं पडलंय ना ते!"

गटातल्या एका इंजिनिअरने तेव्हाच शब्द काढला : सुमनछाप. म्हणजे रडकी, विज्ञान कच्चं असलेली कथा. आधी तो त्यांच्या माघारी चालायचा. मग व्हॉट्सअॅपवर गेला, तिथून पुण्या-मुंबईच्या गटांत. कुणाचं लिखाण मोडीत काढायला तेवढा एक शब्द पुरू लागला. सुमनताई व्हॉट्सअॅपवर नव्हत्या. त्यांना पत्ताच नव्हता.

मागच्या वर्षी गटाने नाशिकला संमेलन भरवलं. सुमनताईंनी पहिल्यांदाच स्वतः कथा लिहिली होती, दुपारी वाचणार होत्या. सकाळी पुण्याचा एक तरुण विज्ञानकथाप्रेमींच्या शिव्यांवर बोलायला उभा राहिला. 'सुमनछाप' आला तसं सभागृह खदखदून हसलं.

"ही सुमन कोण, कुणालाच माहीत नाही," तो म्हणाला. "असेल एखाद्या जुन्या सिनेमातली रडूबाई."

माझ्या शेजारून सुमनताई उठल्या. चिडल्या की त्यांच्या तोंडी गावाकडची बोली यायची. "मी हाय ती," त्या म्हणाल्या. "दिंडोरीची. दुपारी माझी गोष्ट हाय."

सगळ्यांच्या माना वळल्या. मग टाळ्या. पोरं धावत आली, त्यांना मधे उभं करून फोटो काढू लागली. पोरांना खरोखरच आनंद झाला होता. एक मुलगी तर म्हणाली, "ताई, जरा रडल्यासारखं करा ना!"

दुपारी व्यासपीठावरून त्यांचं नाव पुकारलं, तेव्हा त्या सभागृहात नव्हत्या. मी सीबीएस बसस्थानकावर जाऊन त्यांना गाठलं.

"ते ओशाळले असते तर मी थांबले असते," त्या म्हणाल्या. "पण त्यांना वाईटच नाही वाटलं हो."

कथा पिशवीत होती. निदान मला तरी वाचायला द्या, म्हटलं.

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्हीही आधी विज्ञानच तपासाल."

दिंडोरीची बस लागली तशा त्या चढल्या. नंतर कुठल्याच बैठकीला आल्या नाहीत.